चांग ला ओलांडला नाही: वडिलांबरोबरच्या एका छोट्या लडाख सहलीचं प्रकरण

लडाखमधल्या पँगाँग त्सो या सरोवराच्या काठावर, १४,३०० फुटांवर, भारतीय सैन्याच्या चौदाव्या कोअरने २६ डिसेंबर २०२४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या तीस फुटी पुतळ्याचं अनावरण केलं. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून सातारा जिल्ह्यातल्या किती घरांत फिरली असेल ते सांगायला नको. आमच्या घरात ती अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली. एसटीत चालक म्हणून सगळी नोकरी घाटांत काढलेला माणूस. फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि म्हणाले, "हितं जायचं."

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवण्याचं कारण एवढंच, की आईवडिलांना घेऊन चार-सहा दिवसांत लडाख उरकून येणारी कुटुंबं आता आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. "काय काय बघून होईल?" असं विचारलं जातं. आमच्या बाबतीत खरा प्रश्न निराळाच निघाला.

माणसं आणि अडचणी

अण्णा एकाहत्तर वर्षांचे. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी, मधुमेह नाही, हृदयाचा त्रास नाही, गुडघे वयाच्या मानाने बरे. रात्री लघवीला दोनतीनदा उठावं लागतं. पूर्वी कधीतरी सल्फाच्या गोळ्यांनी अंगभर पुरळ उठलं होतं, हे आईला आठवत होतं, त्यांना नव्हतं. आयुष्यात सगळ्यात उंचावर झोपले ते महाबळेश्वरला, म्हणजे साडेतेराशे मीटरच्या आसपास. मी पुण्यात बँकेत. मला मिळालेली सुट्टी आठवड्याहून कमी. आईने सुरुवातीलाच हात वर केले. "मला थंडी सोसत नाही, तुम्ही बापलेक जा," म्हणाली आणि मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी असं बांधून द्यायच्या तयारीला लागली. (ते मेतकूट नंतर फार उपयोगी पडलं.)

आता आकडे बघा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेह साधारण ३,५०० मीटर, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवून वर आणखी थोडं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश भरतो. प्राणवायूचं हवेतलं प्रमाण तेच असतं, पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी येतो. विमान दिल्लीहून सकाळी निघतं आणि तासासव्वातासात माणसाला तिथे नेऊन ठेवतं. शरीराला याची सवय होते, पण तिला दिवस लागतात. आमच्याकडे नेमके तेच कमी.

अण्णांचा युक्तिवाद असा, की "मी सगळी हयात आंबेनळी न् कुंभार्ली चालवलाय, मला घाट सांगू नकोस." यात दोन गोष्टींची गल्लत होती. घाटातल्या वळणांची सवय आणि उंचीची सवय यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तब्येत ठणठणीत असल्याचाही फारसा उपयोग होत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा पोरगा लेहच्या हॉटेलात ओकत पडतो आणि त्याची आजी खिडकीशी बसून चहा पिते, असंही होतं. नुसतं वय जास्त म्हणून उंचीचा आजार जास्त होतो असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. वयाबरोबर येणारे हृदयाचे आणि फुप्फुसाचे आजार मात्र तिथे महाग पडतात. म्हणून अण्णांचं वय हे नकाराचं कारण नव्हतं, आणि त्यांचा काटकपणा हे होकाराचंही नव्हतं.

बाजारातला बेत आणि आमचा बेत

सहल कंपन्यांचा ठरलेला क्रम सगळीकडे जवळपास सारखाच असतो. पहिला दिवस लेहमध्ये आराम, दुसऱ्या दिवशी आसपासचे गोंपा म्हणजे बौद्ध मठ, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून नुब्राचं खोरं, चौथ्या दिवशी तिथून श्योक नदीच्या काठाने पँगाँग, रात्री सरोवराकाठी तंबूत, पाचव्या दिवशी चांग ला ओलांडून लेह. कागदावर देखणा दिसतो. पण डॉक्टर मंडळी उंचीचा हिशोब कुठे फिरलात यावर कमी आणि कुठे झोपलात यावर जास्त करतात. तीन हजार मीटरच्या वर रोजची झोपायची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस चढूच नये, असा साधारण दंडक आहे. नुब्रातलं दिस्कित ३,१०० मीटरच्या आसपास आणि पँगाँगचा काठ ४,२०० च्या वर. म्हणजे या क्रमात एका रात्रीत हजार मीटरहून मोठी उडी आहे, तीही चौथ्या दिवशी, जेव्हा सगळ्यांना वाटत असतं की आता आपण रुळलो.

मला यापेक्षाही जास्त खटकली ती दुसरी गोष्ट, आणि ती नकाशा आडवा बघून कळत नाही, उभा बघावा लागतो. उंचीच्या आजारावर खात्रीचा इलाज एकच, खाली उतरणं. बाकी प्राणवायूचं नळकांडं, गोळ्या, इंजेक्शनं हे सगळं खाली उतरेपर्यंत वेळ काढण्यासाठी. आता पँगाँगच्या काठी रात्री दोन वाजता एखाद्याला धाप लागली, तर खाली कुठे जायचं? लेहकडे यायचं तर आधी चांग ला चढावा लागतो, आणि तो सुमारे ५,३६० मीटर, सरोवरापेक्षा हजार मीटरहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. श्योकच्या काठाने नुब्रात उतरता येतं हे खरं, वाटेत एवढी मोठी खिंडही नाही, पण तो रस्ता कित्येक तासांचा, पाणी वाढलं की बंद पडणारा, आणि नुब्रात पोचल्यावर लेहचं मोठं रुग्णालय खारदुंग लाच्या पलीकडे राहतं. थोडक्यात, पँगाँगला उतरण्यासाठी आधी चढावं लागतं. तरण्याताठ्या माणसाने हा जुगार खेळावा की नाही ते त्याचं त्याने बघावं. वडिलांना घेऊन मला तो खेळायचा नव्हता.

म्हणून बेत उलटा केला. लेहला उतरायचं पण पहिली रात्र तिथे काढायची नाही. विमानतळावरून सरळ पश्चिमेला, सिंधूच्या प्रवाहाबरोबर खाली, आल्चीला जायचं. आल्ची ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहहून चारशे मीटर खाली. अंतर सत्तर किलोमीटरच्या आत, रस्ता श्रीनगरचा राष्ट्रीय महामार्ग, सीमा सडक संघटनेने गुळगुळीत राखलेला. तिथून आणखी खाली खाल्त्से, आणि तिथे सरकारी आरोग्य केंद्र. या बाजूला सुटकेची वाट उताराची आहे. मग लेहला येऊन दोन रात्री, आणि सगळं ठीक असेल तरच पँगाँग एका दिवसात जाऊन परत, झोपायला पुन्हा लेह. नुब्रा आणि खारदुंग ला यादीतून गेले. पँगाँगची एका दिवसाची फेरी थकवते, जाऊन-येऊन दहाअकरा तास गाडीत जातात. पण वर जाऊन खाली झोपणं हे वर झोपण्यापेक्षा शरीराला कमी जड जातं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता, तो तेवढ्या दिवसांपुरता बदलून दिला. आणि डायमॉक्स, म्हणजे उंचीचा आजार टाळण्यासाठी घेतात ती गोळी, द्यायची नाही असं ठरवलं, कारण ते औषध सल्फा गटातलं आणि जुनं पुरळ. "धोका तसा थोडा आहे, पण तिथे जाऊन अंगावर पित्त उठलं तर करणार काय?" म्हणाले. लडाखला जाणारे बरेच जण ज्या गोळीच्या भरवशावर असतात, ती आमच्याकडे नसणार होती. त्यामुळे हळू चढणं हाच एक उपाय उरला आणि आल्चीचा बेत पक्का झाला.

एक बेल

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं. ते बोलले काहीच नाहीत, म्हणजे पटलं नव्हतं. अशा प्रवासात खरी गाठ इथे असते. लहान मूल असेल तर आई ठरवते आणि मूल रडतं, संपलं. वडिलांच्या बाबतीत निर्णय कुणाचा? शरीर त्यांचं, इच्छा त्यांची, पैसे निम्मे त्यांचे (पेन्शनमधून हट्टाने दिलेले), आणि जबाबदारी मात्र माझी. "अण्णा, तुम्हाला त्रास होतोय" असं मी म्हणणार, "मला काय धाड भरलीय" असं ते म्हणणार, आणि यावर रस्त्याच्या कडेला वाद घालण्यात शहाणपण नव्हतं. शिवाय उंचीवर जे पहिल्यांदा ढिलं पडतं त्यात माणसाची स्वतःबद्दलची अक्कलही येते.

तोडगा त्यांच्याच धंद्यातून निघाला. एसटीत कंडक्टरने एक बेल मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की निघते. एक बेल वाजल्यावर ड्रायव्हर मागे वळून "का?" असं विचारत बसत नाही; आधी ब्रेक, मग विचारपूस. मी म्हटलं, आपण दोघं आणि तिथला ड्रायव्हर, तिघांपैकी कुणीही एक बेल मारली की गाडी मागे वळेल. कारण नंतर. तुम्हीही माझ्यासाठी मारू शकता. हे त्यांना पटलं. मुलीचं ऐकण्यात आणि बेल पाळण्यात त्यांच्या लेखी फार फरक होता.

गाडी ठरवताना मी ड्रायव्हरशी वेगळं बोलून घेतलं: अर्ध्यातून परतलो तरी पूर्ण भाडं. लेहमध्ये टॅक्सी युनियनचं दरपत्रक असतं, ठिकाणावार भाडं छापलेलं, घासाघीस नाही. अण्णांना ते दरपत्रक इतकं आवडलं की त्यांनी त्याचा फोटो काढला. पण भाड्याची ही बोली त्यांना सांगितली नाही. सांगितली असती तर "आता पैसे दिलेच आहेत तर जाऊ" हे वाक्य ठरलेलं होतं.

आल्ची

आल्चीचे दोन दिवस या सहलीतले सगळ्यात चांगले, आणि ते केवळ शरीर रुळावं म्हणून घेतलेले होते. सिंधूवरचा पूल ओलांडून गाव येतं. ऑगस्टची सुरुवात, छपराछपरांवर जर्दाळू वाळत घातलेले, देवळाकडच्या गल्लीत बायका सुके जर्दाळू आणि आतल्या बिया विकायला बसलेल्या. पहिला दिवस अण्णांनी व्हरांड्यात खुर्ची टाकून काढला. त्यांचं सिमकार्ड प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप बंद. घरमालकीण येताजाता "जुले" म्हणायची, हे "राम राम" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सावकाश चालत चोस्खोर, म्हणजे आल्चीच्या जुन्या बौद्ध देवळांचा समूह, बघायला गेलो. बाहेरून मातीची बैठी घरं वाटतात. आतली चित्रं अकराव्या ते तेराव्या शतकामधली, नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. काश्मिरी धाटणीचे चित्रकार. काश्मीरमधली त्या काळची बौद्ध चित्रं राहिली नाहीत, इथली राहिली. सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळात अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या तीन बोधिसत्त्वांच्या प्रचंड मातीच्या मूर्ती उभ्या आहेत, इतक्या उंच की डोकी वरच्या मजल्यात जातात आणि खालून बघणाऱ्याला आधी पाय आणि धोतरच दिसतं. त्या धोतरांवर चित्रं आहेत: अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं आणि राजवाडे, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी महासिद्ध. आत फोटो काढू देत नाहीत. अण्णांनी एसटीच्या कामगारांच्या सहलीत अजिंठा पाहिलेला. बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि विचारलं, "ही पोरं आपल्याकडनं शिकून आलीती का?" मला उत्तर देता आलं नाही, आणि देखभाल करणारा लिकिर मठाचा भिक्खू टॉर्च घेऊन पुढे गेला होता.

रात्री झोप तुटक लागली. उंचीवर झोपेत श्वास मधेच थांबल्यासारखा होतो आणि मग दीर्घ श्वास येऊन माणूस दचकतो. हे नेहमीचं आहे, घाबरण्यासारखं नाही. लघवीची तक्रार घरच्याइतकीच. डोकं शांत, भूक चांगली.

इथे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल एक तक्रार नोंदवते. आम्ही तो नेला होता. थंड बोटावर तो काहीही दाखवतो, आणि पुण्यात ज्या आकड्याला रुग्णवाहिका बोलवाल तो आकडा, अठ्ठ्याऐंशी वगैरे, लेहमध्ये सर्वसाधारण असतो. एखाद्याचा आकडा चांगला येतो आणि तो आजारी असतो, उलटही होतं. आमच्या गाडीत त्याचा उपयोग वादात दोन्ही बाजूंना मुद्दे पुरवण्यापलीकडे झाला नाही. लसणाचं सूप आणि कापराची पुरचुंडी यांचंही तेच. सूप चवीला बरं असतं, एवढंच.

लेह, आणि सक्तीपर्यंतचा रस्ता

लेहमधल्या दोन रात्रींबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. राजवाडा खालून पाहिला, शांती स्तूपाला पायऱ्या टाळून गाडीने गेलो, ठिकसेचा मैत्रेय पाहिला. दुसऱ्या रात्री मात्र अण्णा नीट झोपले नाहीत, हे मला शेजारच्या खाटेवरून कळत होतं. सकाळी विचारलं तर, "नव्या जागी झोप येत न्हाई." ते खरंही असू शकतं. उंचीचा आजार मोजायची लेक लुईस नावाची जी गुणपद्धत आहे, तिच्यातून २०१८ साली झोपमोडीचा मुद्दा काढूनच टाकला, कारण वर कुणालाच नीट झोप लागत नाही. आता डोकेदुखी, मळमळ किंवा भूक नसणं, थकवा आणि चक्कर एवढ्यांनाच गुण. डोकेदुखी हवीच, आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली तर आजार समजायचा.

आम्ही पहाटे निघालो. शे, ठिकसे मागे टाकून कारूला डावीकडे वळलं की मनाली रस्ता सुटतो आणि पँगाँगचा सुरू होतो. आधी हिरवं खोरं, चेमडे गोंपा टेकडीवर, मग सक्ती गाव, आणि तिथून चांग लाची नागमोडी चढण.

आदल्या सगळ्या प्रवासात अण्णांनी ड्रायव्हरला मोकळं सोडलं नव्हतं. "ज्या गेरात चढलास त्याच गेरात उतरायचं, भाई," हे त्यांनी मराठी-हिंदीत किमान रोज एकदा ऐकवलं होतं. तोही हसून "जी अंकल" म्हणायचा, आणि मला वाटतं त्याला ते आवडत होतं, कारण एवढं बारकाईने त्याचं चालवणं बघणारा प्रवासी त्याला रोज भेटत नसावा. त्या सकाळी कारू गेलं, चेमडे गेलं, अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पुढे एका वळणावर सैन्याचा ट्रक रस्त्याच्या बराच मधून आला, आमच्या ड्रायव्हरने गाडी पार कडेला घेतली. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. ब्रेक मारायला त्यांचा उजवा पायसुद्धा हलला नाही.

सक्तीला चहाला थांबलो. त्यांनी चहा घेतला नाही, भाजणीची वडी हातात धरून ठेवली. मी विचारलं, डोकं दुखतंय का. "थोडंसं. चश्म्यामुळं." बेरीज केली तर डोकेदुखीचा एक, भूक नसण्याचा एक, दोन. नियमाने आजार नाही. गप्प बसण्याला त्या पद्धतीत गुण नाहीत.

पुढचा हिशोब मी चहा संपेपर्यंत केला, आणि त्यात नवीन काही नव्हतं, सगळा घरीच होऊन गेलेला होता. इथून मागे वळलो तर तासादीड तासात लेह आणि रुग्णालय, रस्ता बहुतेक उताराचा. पुढे गेलो तर अर्ध्यापाऊण दिवस अशा ठिकाणी, जिथून परतायचं म्हणजे हीच खिंड पुन्हा चढायची, आणि ती संध्याकाळी, थकलेल्या अंगाने. वर सैन्याची मदत मिळते, तांगत्सेला दवाखाना आहे. पण त्यांच्या भरवशावर निघायचं हे काही नियोजन झालं नाही. डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही, हा या सगळ्यातला सर्वात जुना आणि साधा नियम.

"अण्णा, एक बेल," मी म्हटलं.

त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं. त्याने कपातला उरलेला चहा ओतून टाकला आणि गाडीचं तोंड फिरवायला गेला. बेल वाजल्यावर मागे वळून न विचारण्याचा नियम त्यांनीही पाळला, मात्र बराच वेळ माझ्याकडे बघितलंही नाही.

वाटेत ड्रायव्हरने आपणहून गाडी तकथोकला थांबवली, सक्तीचाच गोंपा, लडाखमधला न्यिंग्मा पंथाचा एकमेव. गुहेच्या कातळाभोवती बांधलाय. पद्मसंभवाने तिथे ध्यान केलं असं मानतात. आतलं छत म्हणजे दिव्यांच्या काजळीने काळा झालेला खडक. अण्णा भिंतीला टेकून बसले. ड्रायव्हर मला बाहेर म्हणाला, वयस्क पाहुणे डोकेदुखी लपवतात, मुलांचा बेत बिघडेल म्हणून. आमच्या बाबतीत बेत मुलीचा नव्हता, वडिलांचाच होता. लपवायला तेही कारण पुरतं, हे मला तिथे कळलं.

नंतर

लेहला येऊन गरम भात, तूप, मेतकूट. मग झोप. संध्याकाळी पाचला अण्णा उठले, डोकं साफ, भूक लागलेली, आणि संतापलेले. "बघ, काय सुदिक न्हवतं. एवढ्या लांब येऊन महाराजांचं दर्शन न घेता माघारी."

या प्रकरणात तपासण्यासारखं काही असेल तर ते हे वाक्य. खाली उतरून आराम केल्यावर डोकेदुखी गेली, यावरून दोन्ही सिद्ध होतं: ती उंचीची सुरुवात होती म्हणून उतरल्यावर गेली, किंवा ती जागरणाची होती म्हणून झोपल्यावर गेली. मला आजही सांगता येणार नाही. पुढे गेलो असतो आणि काही झालं नसतं, ही शक्यता चांगली मोठी होती, हे मी मान्य करते. आमच्याच सोसायटीतले एक जण त्यांच्या आईला, अण्णांपेक्षा वयाने मोठ्या, तो ठरलेला क्रम करून पँगाँगच्या काठी तंबूत रात्रभर ठेवून सुखरूप घेऊन आले. फोटो सुंदर आहेत. त्यांनी मला "जरा जास्तच काळजी केलीत" असं म्हटलं, प्रेमाने.

माझं म्हणणं असं, की त्यांच्या आईला काही झालं नाही यावरून तो बेत बरा ठरत नाही, जसा अण्णांचं डोकं दुखायचं थांबण्यावरून माझा निर्णय चुकीचा ठरत नाही. काही झालं असतं तर काय करता आलं असतं, एवढंच आपल्या हातात असतं. फुप्फुसात पाणी होण्याचा प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या सुमारास दिसतो आणि रात्रीत वाढतो; पँगाँगची ती तंबूतली रात्र ठरलेल्या क्रमात नेमकी तिथेच येते. लेहमध्ये किंवा आल्चीत तसं झालं असतं तर रस्ता होता. तिकडे तो खिंडीवरून होता. अंतर, वय, गोळी, ऑक्सिमीटर या सगळ्यांपेक्षा निर्णय या एकाच गोष्टीवर फिरला.

आमच्या बाजूनेही एक फट आहे, ती सांगायला हवी. सुट्टी आणखी तीनचार दिवस जास्त असती तर सक्तीहून परतून, लेहमध्ये थांबून, पुन्हा प्रयत्न करता आला असता. छोट्या सहलीत मागे वळणं म्हणजे कायमचं मागे वळणं होतं, आणि म्हणूनच बरेच लोक वळत नाहीत. आल्चीसाठी दिवस घातले नसते तर तेच दिवस पँगाँगसाठी शिलकीत राहिले असते, असं माझा भाऊ म्हणतो. मला ते पटत नाही. मग पहिलीच रात्र साडेतीन हजारांवर गेली असती, तीही डायमॉक्सशिवाय. पण आल्चीत दोन रात्री लागतच होत्या की एक पुरली असती, यावर त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

पूर्ण भाड्याची बोली अण्णांना परतीच्या विमानात सांगितली. पहिल्यांदा "एवढे पैसे?" म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बरं केलंस. नायतर त्यो वळला नसता." ड्रायव्हरबद्दल हे अन्यायाचं होतं, तो असाही वळला असता.

आता घरी त्यांनी एक कागद केलाय. विमान रद्द, श्रीनगरपर्यंत रेल्वे, तिथून रस्त्याने. डावीकडे मुक्काम, उजवीकडे फुटांत उंची, जुन्या ड्युटी-चार्टसारख्या आखलेल्या रेघा: श्रीनगर, झोजी ला नुसता ओलांडायचा, कारगिल, फोटू लाही नुसता ओलांडायचा, आल्ची, लेह, आणि लेहला तीन रात्री. उंचीचा क्रम मी नकाशाशी ताडून बघितला, बरोबर आहे. चांग लापुढे त्यांनी एक फुली मारून ठेवलीय आणि कंसात लिहिलंय, "तब्येत बघून". आई या खेपेला यायला तयार आहे, पण कारगिलला दोन रात्री थांबायचं असेल तर. अण्णांच्या कागदावर कारगिलला एकच रात्र आहे, आणि गेले काही दिवस घरात त्यावरून बोलणी चालू आहेत.